मकबऱ्याजवळचं जुनं माळवदाचं घर: परमिशनपासून चुन्याच्या गिलाव्यापर्यंत, आमच्या आर्किटेक्ट मॅडमच्या कामाचा रिव्ह्यू

छत्रपती संभाजीनगरला (आधीचं औरंगाबाद) बीबी का मकबऱ्याच्या आसपास, म्हणजे बेगमपुरा, पहाडसिंगपुरा साइडला ज्यांची जुनी घरं आहेत त्यांच्यासाठी हे मुद्दाम सविस्तर लिहायलेय, कारण आमच्या घराचं काम निघालं तेव्हा मला असं मराठीत कुठंच धड वाचायला मिळालं नाही, जो तो ऐकीव सांगायचा, कोणी म्हणे इथं खिळा पण ठोकता येत नाही, कोणी म्हणे काही होत नसतंय, रात्रीतून स्लॅब टाका आणि मोकळे व्हा. दोन्ही चूक आहे. आम्ही ज्या आर्किटेक्ट मॅडमकडून काम करून घेतलं त्यांनी परमिशनची फाइल आणि प्रत्यक्ष गवंडीकाम दोन्ही स्वतःच्या हातात ठेवलं आणि माझ्या मते सगळं काम नीट झालं ते याच एका गोष्टीमुळं. पाचपैकी साडेचार देते. अर्धा कशाचा कापला ते खाली येईल. नाव इथं टाकत नाही, त्यांनीच तसं सांगितलंय, छोटं ऑफिस आहे आणि एका वेळी मोजकीच कामं घेतात.

आधी घर कसं आहे ते सांगते म्हणजे तुमच्या घराशी ताडून बघता येईल. घर सासऱ्यांचं, आम्ही त्यांना आबा म्हणतो. निजामाच्या काळातलं. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर दगडमातीच्या चांगल्या हातभर जाड भिंती, ओसरीला सागवानी खांब, वर तुळया आणि लाकडी पाट, आणि त्यावर पांढऱ्या मातीचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. उन्हाळ्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस असताना मधल्या खोलीत पंख्यावर झोप लागते, हे ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. पण पावसाळ्यात मागची खोली गळायची, दोन तुळयांची भिंतीतली टोकं वाळवीनं खाल्ली होती, आणि पूर्वी कधीतरी कोणीतरी आतून सिमेंटचा गिलावा मारून ठेवलेला, तो कमरेएवढ्या उंचीपर्यंत फुगून खाली यायला लागला होता, मागं सगळा खार.

घरात दोन मतं होती. भाऊजींचं म्हणणं पाडून टाकू, आरसीसी करू, खाली दोन गाळे काढू, वर आपण राहू. आबा काही बोलायचे नाहीत, फक्त म्हणायचे छप्पर तेवढं ठीक करा. त्याच काळात एक जण आमच्याकडं येऊन गेला, मकबऱ्याजवळची कामं करून देतो म्हणणारा, त्यानं सांगितलं की आधी पाडून घ्या, कागदावर आपण रिपेअर दाखवू, आणि फाइलचे पैसे आत्ताच द्या. आम्ही दिले नाहीत, आणि पुढं मॅडमकडून नियम कळल्यावर मला खरंच घाम फुटला, कारण त्याचं ऐकलं असतं तर आमच्याकडं नुसती मोकळी जागा उरली असती आणि त्या जागेवर काहीच बांधता आलं नसतं.

मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी आल्या आल्या फीचं काही काढलं नाही, टेप घेऊन आबांसोबत सगळं घर फिरल्या, माळवदावर चढल्या, तुळईची टोकं स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघितली, आणि मग ओसरीवर बसून कायदा समजावून सांगितला. तो मी इथं जसा समजला तसा देते, नंतर मी मूळ कायदा पण वाचला, त्यामुळं ऐकीव नाही.

बीबी का मकबरा हे केंद्र संरक्षित स्मारक आहे. त्याला लागू होतो तो 1958 चा प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्व स्थळांचा कायदा, आणि त्यात 2010 साली मोठी दुरुस्ती झाली. त्यानुसार संरक्षित हद्दीपासून चारी बाजूंनी 100 मीटर हा प्रतिबंधित भाग, आणि त्याच्यापुढचे 200 मीटर हा विनियमित भाग. म्हणजे एकूण 300 मीटर. आता इथं लोक पहिला घोटाळा करतात, ते घुमटापासून मोजतात. मोजायचं असतं संरक्षित हद्दीपासून. मकबऱ्याचं आवारच साधारण 458 मीटर लांब आणि 275 मीटर रुंद आहे, त्यामुळं त्याच्या कडेपासून 300 मीटर म्हणजे किती गल्ल्या त्यात येतात याचा विचार करा. आमचे एक शेजारी कित्येक वर्षं समजून होते की आपण लांब आहोत, मोजल्यावर ते पण आत निघाले.

आमचं घर पहिल्या 100 मीटरमध्ये येतं. तिथं नवीन बांधकाम नाही म्हणजे नाही. मजला चढवणं, बाजूला खोली काढणं, हे सगळं नवीन बांधकामातच धरतात, उभं वाढवा नाहीतर आडवं वाढवा. पण जी इमारत 16 जून 1992 च्या आधीपासून उभी आहे, किंवा त्यानंतर पुरातत्त्व खात्याच्या महासंचालकांची परवानगी घेऊन बांधलेली आहे, तिच्या मालकाला दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो. ही तारीख पाठ करून ठेवा, सगळा खेळ तिच्यावर आहे. 1992 च्या त्या अधिसूचनेनं हे 100 आणि 200 मीटरचे पट्टे पहिल्यांदा ठरवले होते, 2010 साली ते कायद्यातच घातले.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. दुसऱ्या पट्ट्यात, म्हणजे 100 ते 300 च्या मध्ये, नवीन बांधकामाला, पाडून पुन्हा बांधण्याला आणि दुरुस्तीला, तिन्हीसाठी अर्ज करता येतो. पहिल्या पट्ट्यात फक्त दुरुस्ती. पुन्हा बांधणं त्यात बसत नाही, अगदी जुन्याच मापाचं, तेवढ्याच उंचीचं असलं तरी. मॅडमनी भाऊजींना एकच वाक्य सांगितलं, "भाऊ, पाडलं की गेलं, मग परत मागायला काही उरत नाही." भाऊजी त्या दिवशी नाराज झाले, पण त्यांनी पण नंतर दोन-तीन ठिकाणी विचारून खात्री केली आणि विषय बंद झाला. तो आधीचा माणूस जे सांगून गेला होता त्यात शिक्षा पण आहे बरं का, विनापरवानगी बांधकामाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि बांधकाम आपण केलं तर ती आपल्यावर येते.

म्हणून माझं मत असं झालंय की अशा घराला आर्किटेक्ट निवडताना त्याचे सुंदर थ्रीडी फोटो बघू नका, तो काय काय नाही म्हणतो ते बघा. आमच्या मॅडमनी आमच्या यादीतल्या निम्म्या गोष्टी पहिल्याच दिवशी खोडल्या. गच्चीवर पत्र्याचं शेड, नाही. जिन्याला वर खोली, नाही. पाण्याची मोठी टाकी वर चढवायची, नाही, कारण परवानगीच्या कागदात उंची धरतात ती टाकी, कठडा, जिन्याची टोपी सगळं धरून, आणि आमच्या केसमध्ये तर आहे त्या उंचीच्या वर इंचभर पण जायचं नव्हतं. आतलं बाथरूम मात्र त्यांनी जुन्या न्हाणीच्याच जागेत बसवून दिलं, भिंत न हलवता, आणि टाकी खाली मागच्या अंगणात घेऊन छोटी मोटर दिली. मला आधी वाटलं हे काय बरं होणार, पण चालतंय मस्त.

कागदपत्रांचा भाग. इथं त्यांचा खरा अनुभव दिसला. 1992 च्या आधीची इमारत आहे हे दाखवायचं कशानं? आमच्याकडं निजामकाळातले उर्दू कागद होते, आबांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेले, त्याचं भाषांतर करून नोटरी करून घेतलं. नगर भूमापनमधून पीआर कार्ड, म्हणजे जागेचा मालकी उतारा, काढला. जुन्या घरपट्टीच्या पावत्या, जेवढ्या जुन्या सापडतील तेवढ्या. लाइटचं जुनं बिल. आणि एक गोष्ट जी मला सुचलीच नसती, त्यांनी घरातले जुने फोटो मागितले, आबांच्या लग्नातला एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे त्यात मागं ओसरीचे खांब आणि माळवदाची कड स्पष्ट दिसते, तो पण फाइलला जोडला. तुमच्याकडं असं काही असेल तर फेकू नका, आणि विशेषतः जुन्या घरपट्टीच्या पावत्या, त्या रद्दीत देऊ नका हे हात जोडून सांगते.

मग घराचा आहे तसा मापाचा नकाशा, उभा छेद, चारी बाजूंचे फोटो, आणि सॅटेलाइट चित्रावर मकबऱ्याच्या हद्दीपासून घरापर्यंतचं अंतर दाखवलेलं. अर्ज जातो सक्षम प्राधिकाऱ्याकडं, म्हणजे या परवानग्यांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडं, आता ऑनलाइन होतो, तिथून तो दिल्लीला राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडं जातो. कायद्यात मुदती दिलेल्या आहेत, सक्षम प्राधिकाऱ्यानं 15 दिवसांत अर्ज पुढं पाठवायचा, प्राधिकरणानं दोन महिन्यांत शिफारस कळवायची, आणि ती आल्यावर एका महिन्यात निर्णय द्यायचा. म्हणजे सगळं सरळ गेलं तरी साडेतीन महिने धरून चाला. दिवाळीनंतर फाइल टाकली तर उन्हाळ्यात काम, आणि चुन्याचं काम मृगाच्या आधी आटपायला पाहिजे, हे गणित त्यांनी आधीच मांडून दिलं होतं. महानगरपालिकेचं जे काय असेल ते वेगळं, हा कागद आला म्हणून ते सुटत नाही, हे पण लक्षात ठेवा.

मधे एकदा खुलासा मागितला गेला. उभ्या छेदात माळवदाच्या थराची जाडी लिहायची राहिली होती, ती चूक मॅडमच्या ऑफिसची, त्यांच्या ज्युनिअरनं ड्रॉइंग केलेलं आणि तपासायचं राहून गेलं. त्यांनी मान्य केलं, दुरुस्त करून पाठवलं, पण त्यात आमचा वेळ गेला तो गेलाच. अर्ध्या मार्कातला निम्मा इथं कापलाय.

आता काम. हे सांगायला मला सगळ्यात जास्त आवडतं. गवंड्यांची टीम त्यांचीच, म्हातारे मिस्त्री आहेत एक आणि त्यांच्या हाताखाली पाच-सहा जण, त्यात दोन बाया पण होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी घरात काही तोडलंच नाही, मागच्या अंगणात टाकं केलं आणि कळीचा चुना विरवायला टाकला. एवढी वाफ आणि उकळी, की लेकरांना आम्ही दोन दिवस तिकडं फिरकू दिलं नाही, डोळ्यात गेला तर वाईट, हे तुम्ही पण सांभाळा. मग तो चुना नुसता पाण्याखाली ठेवून दिला. मी विचारलं किती दिवस, मिस्त्री म्हणाले, "ताई, जितका मुरेल तितका चांगला, घाई असेल तर सिमेंटवाल्याला बोलवा." त्या काळात त्यांनी जुना सिमेंटचा गिलावा काढला, आणि भिंत उघडी करून तशीच सुकू दिली.

सिमेंट का काढलं हे पण त्यांनी नीट समजावलं. दगडमातीच्या भिंतीत जोत्यातून ओल वर चढतच असते, तिला बाहेर पडायला वाट लागते. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडतो, सिमेंटचा कोंडून ठेवतो, मग आत खार साठतो आणि आतली माती भुसभुशीत होते, शेवटी गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. आमच्या मधल्या खोलीत अगदी हेच झालेलं. वर्षानुवर्षं आम्ही त्याच्यावर वॉटरप्रूफ पेंट मारत बसलो होतो, म्हणजे ओलीला आणखीच कोंडत होतो.

चुना मुरल्यावर त्यात वाळू आणि सुर्खी, सुर्खी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, तिच्यामुळं चुना ओलीतसुद्धा घट्ट धरतो. जोत्याजवळच्या थराला सुर्खी जास्त, वर कमी. गूळ आणि हिरड्याचं पाणी वेगळ्या पिंपात, बेलफळाचा गर वेगळा. सगळीकडं सगळं टाकायचं नसतं, कुठल्या थराला काय हे मिस्त्रींच्या हाताला माहीत होतं, विचारलं की सांगायचे पण कागदावर काही नव्हतं. हे मॅडमनी आता लिहून घ्यायला सुरुवात केलीय म्हणाल्या, आणि ते फार गरजेचं आहे, कारण असे मिस्त्री आता बोटावर मोजण्याएवढे राहिलेत आणि त्यांची पोरं फरशी, पीओपीच्या कामाला लागलीत, तिकडं रोज चांगला सुटतो.

माळवदाचं काम जास्त नाजूक. पूर्वी आबा दर उन्हाळ्यात वर पांढरी माती पसरवायचे, तशी पसरून पसरून थर एवढा जाड झाला होता की खालच्या तुळया त्याच्याच वजनानं वाकल्या होत्या. टीमनं आधी खालून टेकू दिले, मग माती थोडी थोडी करून उतरवली, एकदम नाही, एका बाजूचं वजन गेलं की दुसरी बाजू बसते म्हणून. जुने पाट बहुतेक चांगले निघाले. दोन तुळयांची कुजलेली टोकं कापून तिथं सागवानाचाच नवा तुकडा जोडला, सुतारानं इतका सांधा बसवला की रंग सोडला तर कळत नाही. पूर्ण तुळई बदलली असती तर सोपं गेलं असतं, पण मॅडम म्हणाल्या परवानगी दुरुस्तीची आहे आणि लाकूड शंभर वर्षांचं आहे, जेवढं कुजलंय तेवढंच काढू. वरती पुन्हा मातीचा पातळ थर आणि त्यावर विटांच्या खडीचा चुन्याचा कोबा, तो त्या दोन बायांनी थापीनं दिवस दिवस चोपला, गुळाचं पाणी शिंपत शिंपत. चोपण्याचा तो आवाज सगळ्या गल्लीत जायचा, आणि शेजारच्या आजी रोज येऊन बसायच्या, त्यांच्या लहानपणी हे असंच व्हायचं म्हणून. नवा थर जुन्या मातीपेक्षा पातळ असल्यामुळं उंची वाढली नाही, उलट चार बोटं कमीच झाली, आणि वजन कितीतरी उतरलं. उतार मागच्या पन्हाळीकडं दिला.

आणि हे बघा, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो, त्याला वेळ लागतो आणि तोपर्यंत त्याला एकदम वाळू द्यायचं नसतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात सकाळी मारलेला गिलावा दुपारी तडकतो. त्यामुळं गोणपाटं ओली करून लावायची आणि सारखं पाणी, हे काम आमच्या घरच्यांच्या अंगावर पडलं. टँकरच्या पाण्याचा खर्च धरा. हे मॅडमनी आधी नीट सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर आम्ही तयारी ठेवली असती, उरलेला पाव मार्क इथं.

एक दिवस मिस्त्री आम्हाला सगळ्यांना मकबऱ्यात घेऊन गेले. आपण त्याला नुसतं ताजमहालाशी तोलतो आणि सोडून देतो. पण नीट जवळ जाऊन बघा, संगमरवर आहे तो खालच्या कमरेएवढ्या पट्ट्याला आणि वर घुमटाला, मधला सगळा भाग आपल्याच काळ्या दगडाचा आणि त्यावर चुन्याचा गिलावा, आणि त्या गिलाव्यात इतकी बारीक नक्षी की हात लावायची भीती वाटते. 1660 च्या सुमाराचं काम आहे, औरंगजेबाचा मुलगा आझमशाह यानं आईसाठी, दिलरास बानूसाठी बांधलं असं सांगतात, वास्तुकार अताउल्ला आणि त्याच्यासोबत अभियंता हंसपत राय. साडेतीनशेच्या वर पावसाळे काढलेत त्या चुन्यानं. आमच्या ओसरीच्या भिंतीवर मिस्त्री शेवटचा हात मारून गारेच्या गुळगुळीत दगडानं घोटत होते तेव्हा भाऊजी, जे आरसीसी आरसीसी करत होते, ते तासभर नुसते उभे राहून बघत होते आणि म्हणाले हा माणूस कुठं शिकला असेल. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे नियम स्मारकापुरतेच नाहीत, त्याच्या सावलीत ज्या हातांनी घरं बांधली ते हात पण टिकायला पाहिजेत, आणि ते टिकतील फक्त आपण त्यांना काम दिलं तर.

खर्च. सगळेच विचारतात म्हणून. चुन्याचा गिलावा आम्हाला सिमेंटच्या गिलाव्याच्या जवळपास दुप्पट पडला, मजुरी जास्त आणि दिवस जास्त. पण पाडून आरसीसी करायचा जो अंदाज भाऊजींनी काढला होता त्याच्या निम्म्याच्याही खाली सगळं घर झालं, लाकूडकाम धरून. मॅडमची फी दोन टप्प्यांत, अर्जाच्या वेळी एक आणि काम सुरू झाल्यावर एक, आणि परवानगी नाकारली गेली तर दुसरा टप्पा द्यायचा नाही हे त्यांनी लिहून दिलं. ही अट तुम्ही पण मागा. पावत्या सगळ्या पक्क्या.

त्यांच्याकडं जाऊ नका असं कोणाला सांगेन? ज्यांना दोन महिन्यांत घर पाहिजे त्यांना. फोन बऱ्याचदा उचलत नाहीत, साइटवर असल्या की संध्याकाळीच बोलतात. ड्रॉइंगवर सगळं इंग्रजीत असतं, आबांना काही कळेना, मग मी मागं लागून एका कागदावर मराठीत खोल्यांची नावं आणि काय काय करणार ते लिहून घेतलं. असं मराठीतलं एक पान त्यांनी प्रत्येक घरमालकाला द्यावं, ही माझी त्यांना सूचना आहे, कारण घर ज्याचं त्याला कळलं पाहिजे.

नियमांबद्दल पण दोन शब्द बोलते, कारण सर्व्हिस कितीही चांगली असली तरी नियमच अवघड असेल तर माणूस थकतो. 100 आणि 200 हे आकडे देशातल्या प्रत्येक केंद्र संरक्षित स्मारकाला किमान म्हणून सारखेच, मग ते शेताच्या मधोमध असलेलं एखादं छोटं देऊळ असो की दौलताबादसारखा किल्ला, जिथं तटाच्या आतच गाव वसलेलं आहे. प्रत्येक स्मारकासाठी वेगळ्या वारसा उपविधी, म्हणजे त्या जागेपुरते नियम, करायच्या असं कायद्यातच लिहिलंय, गल्लीतली घरं कशी आहेत, दर्शनी भाग कसा असावा, उंची किती, हे त्यात स्थानिक बघून ठरवता येतं. ते काम प्रत्येक ठिकाणी लवकर आणि गल्लीतल्या लोकांना बसवून व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आणि दुसरं, बंधनं आहेत तर मदत पण द्या. दुरुस्तीच करा असं सांगता, मग मुरलेला चुना मिळण्याची एक जागा करा, मिस्त्रींची यादी करा, घरपट्टीत थोडी सूट द्या. आमच्यासारखे जमवून करतात, पण गल्लीत अशी घरं आहेत जिथं म्हातारी एकटी राहते आणि माळवदाला ताडपत्री बांधलेली आहे, तिनं कुठून आर्किटेक्ट आणायचा.

हे सगळं नसल्यामुळंच लोक वाडे पाडतात. पैठणला माझं माहेर, तिथल्या किती वाड्यांचे कोरीव खांब आणि दिंडी दरवाजे ट्रकमध्ये जाताना मी लहानपणापासून बघितलेत, ते आता कुठल्यातरी फार्महाऊसच्या गेटवर असतील. माझी मैत्रीण म्हणते तुमच्या घराला नियम आहे म्हणून वाचलं, आमच्याला नव्हता. मला वाटतं तिचं बरोबर आहे.

एक खुलासा, कारण हे वाचून लोक सगळीकडं हेच लावतील. वरचं सगळं केंद्र संरक्षित स्मारकाच्या 300 मीटरमधल्या घरांचं झालं, दौलताबाद, वेरूळ इकडच्या लोकांना ते लागू होईल. राज्य संरक्षित स्मारकांना, जसा आपला नळदुर्ग, राज्याचा 1960 चा वेगळा कायदा आहे, तिकडं राज्य पुरातत्त्व विभागात विचारा. आणि तुमचं स्वतःचंच घर शहराच्या वारसा यादीत असेल, तर तिथं श्रेणीप्रमाणे चालतं, पहिल्या श्रेणीत इमारत मजबूत करण्यापुरतंच काम, दुसरीत आतले बदल आणि नवा वापर चालू शकतो पण बारीक तपासणी करून, तिसरीत आतबाहेर दोन्हीकडं बऱ्यापैकी मोकळीक, आणि परवानगी वारसा समितीच्या सल्ल्यानं. एकाच घराला दोन्ही लागू होऊ शकतात. मॅडम हे पहिल्याच भेटीत तपासून सांगतात, त्या भेटीची फी वेगळी घेतात पण पुढं काम दिलं तर ती वळती करतात.

पहिला पावसाळा काढला घरानं. मागच्या खोलीत एक थेंब नाही. न्हाणीच्या भिंतीला एका जागी बारीक तडा गेलाय, मिस्त्री येऊन बघून गेले, हिवाळ्यात भरून देणार आहेत, त्याचे पैसे नाहीत म्हणाले.

ज्यांना काम करायचंय त्यांनी दसऱ्याच्या आतच त्यांना घर दाखवून ठेवा, कागद गोळा करायलाच महिना जातो, आणि चुना विरवायला अंगणात जागा नसेल तर शेजाऱ्यांना आधी विचारून घ्या. नंबर पाहिजे असेल तर मला पर्सनल मेसेज करा, सोबत तुमचं घर साधारण कुठल्या गल्लीत आहे आणि घरपट्टीची सगळ्यात जुनी पावती कोणत्या सालची आहे तेवढं लिहा, मॅडम पहिला प्रश्न तोच विचारतात.